लग्नाचा सेट: एक लाख पाच हजारांत काय येतं, काय राहून जातं

तुळशीचं लग्न लागलं की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत फर्निचर-इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवर ‘लग्नाचा सेट’ अशा पाट्या झळकतात. आलमारी, दिवान आणि त्यावरची गादी, ड्रेसिंग टेबल, सोफा, टीपॉय, १९० लिटरच्या आसपासचा फ्रिज, ३२ इंची टीव्ही, कूलर, मिक्सर, वर एखादं भिंतीवरचं घड्याळ ‘फ्री’. मधल्या पट्ट्यातल्या सेटचा सांगितला जाणारा भाव साधारण एक लाख पाच हजार. गावागणिक हजार-दोन हजार इकडेतिकडे. पोरीला आंदण द्यायचं असो की नव्या नोकरीच्या गावी स्वतःचं बिऱ्हाड थाटायचं असो, बहुतेकांची खरेदी याच सेटातून होते.

आधी या सेटची चांगली बाजू. एका ठिकाणी सगळं मिळतं, गाडीभाडं एकदाच लागतं, भाव करायला जागा राहते. पण सेट जुळवलेला असतो मांडवात मांडायला. जे डोळ्यांत भरतं ते मोठं दिलेलं असतं आणि जे रोज राबतं त्यात काटकसर केलेली असते. म्हणून सेटचा एकच भाव ऐकू नका. प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव कागदावर मागा. दुकानदाराने दिला नाही, तर फायदा कुठे दडला आहे ते तिथेच कळतं.

सगळ्यात जास्त फसगत आलमारीत. आपल्याकडे कोणत्याही लोखंडी आलमारीला लोक गोदरेज म्हणतात आणि दुकानदार त्याचा फायदा घेतो. प्रश्न नावाचा नाही, पत्र्याच्या गेजचा आहे. २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर, २२ गेज ०.७, २४ गेज जेमतेम ०.५६. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आलमारीत कप्पे-लॉकर धरून नऊ-साडेनऊ चौरस मीटर पत्रा जातो. २२ गेजचा पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलो भरतो, २४ गेजचा साडेचार किलोच्या आत. म्हणजे एकाच मापाच्या दोन आलमाऱ्यांत दहा-अकरा किलोंचा फरक पडतो, आणि वरून रंग दिला की डोळ्याला तो दिसत नाही. गेजबद्दल तोंडी शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा वजन करा. कापसाचा काटा कुठल्या गावात नाही? रिकामी आलमारी चाळीस-बेचाळीस किलो भरली तर ती २४ गेजची. बावन्नच्या पुढे गेली तर २२ गेज म्हणायला हरकत नाही.

काटा जवळ नसेल तर दाराच्या मधोमध अंगठा दाबा. पत्रा आत जाऊन ‘डब’ आवाज करत परत आला तर मागची पट्टी दिलेलीच नाही. मग खालच्या कप्प्याच्या बुडाशी हात घाला. बाहेरून पावडर कोटिंग आणि आत नुसता फवारलेला रंग, हे नेहमीचं आहे. अशा आलमारीला पहिला पावसाळा संपेस्तोवर बुडातून गंज लागतो. मूठ फिरवली की कडी वर, खाली आणि बाजूला अशी तीन ठिकाणी बसली पाहिजे. सेटमधल्या आलमारीत बरेचदा फक्त बाजूची बसते. गावातल्या किंवा तालुक्यातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे २२ गेजची आलमारी सांगून बनवली तर साडेबारा हजारांच्या घरात पडते. सेटमधलीही भावाने तेवढीच असते, पण पत्रा पातळ आणि आरसा मोठा.

दिवान उलटा करून पाहा. सेटमधले पेटीचे दिवान बहुतेक पार्टिकल बोर्डाचे असतात, म्हणजे भुसा दाबून बनवलेल्या पाटीला वरून लॅमिनेट चिकटवलेलं. वरची बाजू सागवानासारखी चकचकीत आणि जमिनीला टेकणारी कड उघडी. फरशी पुसताना तिथे पाणी लागतं, बोर्ड फुगतो, स्क्रू धरत नाहीत आणि मग पाय डुलायला लागतो. काळ्या मातीवरच्या घरांत ओल जोत्यातून वर चढते आणि मागोमाग उदई, म्हणजे वाळवी येते, ते वेगळंच. प्लायवूड घ्यायचं तर त्यावर छाप पाहा: आयएस ३०३ साधं, आयएस ७१० पाण्याला टिकणारं. पण आल्लापल्ली-बल्लारशाच्या सागवानाच्या मुलखात राहून भुशाचा दिवान घ्यावा हेच पटत नाही. जुने वाडे पाडल्यावर निघालेल्या सागवानी तुळया-फळ्यांतून सुतार साधा, पाय उंच असलेला दिवान नऊ हजारांत बसवून देतो. पाय उंच असले की खाली झाडता येतं आणि उदई चढताना दिसते. लाकूड नवं घेत असाल तर बिल आणि वाहतुकीचा पास मागून घ्या. सागवानाला तो लागतो.

गादीचं गणित सोपं आहे. सेटमध्ये चार इंची फोमची गादी येते. सहा बाय पाच फुटांची, चार इंच जाड गादी जर ३२ घनतेच्या, म्हणजे घनमीटरला ३२ किलोच्या फोमची असेल तर नुसता फोम नऊ किलो भरला पाहिजे. सेटमधली उचलून पाहा, पाच-सहा किलोंची निघेल. ती वर्षभरात मधे खळगा धरते. कापसाच्या जिल्ह्यांत रुईची गादी हाच शहाणा सौदा: सहा बाय तीनच्या गादीला आठ ते दहा किलो रुई, कापड आणि भराई धरून अडीच हजार. दोन करा, शेजारी शेजारी टाका. दबली की पिंजून परत भरता येते. फोमला ती सोय नाही.

आता कूलर. इथे चुकलं तर मार्च ते जून घरात थांबवत नाही. अकोला, चंद्रपूर, नागपूर मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातात आणि हवा कोरडी असते, म्हणून आपल्याकडे कूलर चांगला चालतो. सेटमध्ये प्लास्टिकचा, चाकांचा, दिसायला देखणा कूलर देतात. त्याची टाकी लहान, पंखा लहान. खोलीच्या आत ठेवला की तीच दमट हवा फिरत राहते आणि दुपारी अंग चिकचिकतं. खिडकीत बसणारा सोळा इंची पंख्याचा लोखंडी कूलर साडेसात हजारांत मिळतो. तो बाहेरची हवा ओढतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, नाहीतर गारवा कोंडतो. घेताना मोटरचं वाइंडिंग तांब्याचं आहे का ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. टाकीला घरी आणल्यावर आतून डांबराचा हात द्या, पत्रा दोन-तीन उन्हाळे जास्त काढतो.

कूलरच्या बाजूंना लागणाऱ्या, पाण्याने भिजणाऱ्या ताट्या कोणत्या घ्याव्यात हे तुमच्या पाण्यावर ठरतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागात, हनीकोंबचं पॅड एका हंगामात क्षार धरून दगडासारखं होतं आणि बदलायला महाग पडतं. तिथे लाकडाच्या किसाच्या साध्या ताट्या बऱ्या, दर वर्षी बदलायच्या. पाणी गोडं असेल तर हनीकोंब घ्या.

लोखंडी कूलरला जी भीती आहे ती शॉकची, आणि दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं त्याने जातात. पाण्यातला पंप गळतो, करंट पत्र्यात उतरतो, अर्थिंग नसतं आणि कोणीतरी ओल्या हाताने टाकीत पाणी ओतायला जातं. म्हणून सेटच्या भावात नसलेला एक खर्च सगळ्यात आधी धरा. घराला अर्थिंगचा खड्डा, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), कूलर-फ्रिजच्या पॉइंटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तीन पिनांचं सॉकेट: मजुरीसकट सहा हजारांच्या आसपास. एमसीबी असली म्हणजे झालं, असं वायरमनही सांगतात. ते खरं नाही. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला आरसीसीबी वाचवते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग सुटतं, तेव्हा मार्चपासून त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढूनच भरायचं. नुसतं बटन बंद करून नाही, कारण उलटं वायरिंग असलं तर बटन बंद असूनही करंट राहतो.

पंखे सेटमध्ये नसतातच. ते बीएलडीसी घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे दोनशे युनिट वाचतात. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या पायरीवर चढतो, आणि एकटा कूलरच उन्हाळ्यात महिन्याला ऐंशी युनिटांपर्यंत खातो. तेव्हा पंख्यांची बचत नेमकी वरच्या पायरीची होते.

फ्रिज सेटमधलाच घेतला तरी चालतो. एका दाराचा, १८० ते १९० लिटरचा, पंधरा हजारांच्या घरातला चौघांना पुरतो. वीजबचतीचे तारे मोजण्याआधी लेबलवरचं वर्ष वाचा. जुन्या लेबलचा माल सेटमध्ये खपवायची पद्धत आहे. त्याच लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, तुलना त्यावर करा. ‘स्टॅबिलायझर लागत नाही’ म्हणतात तेव्हा किती व्होल्टपर्यंत, ते मागच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत पाहा. संध्याकाळी गावात व्होल्टेज त्याच्याही खाली जात असेल तर स्टॅबिलायझर घ्यावाच लागेल. फ्रिज छोट्या हत्तीत आडवा टाकून आणला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्या, मग पिन लावा. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी ऐकायला गोड, पण ती बहुधा त्या एका भागाची असते. गॅस भरणं, कारागिराची मजुरी आणि जिल्ह्याहून येण्याचा खर्च तुमच्यावर. आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते. फेब्रुवारीत घेऊन मे महिन्यातल्या लग्नाला खोलला तर तीन महिने खोक्यातच गेले. आगाऊ रक्कम देऊन भाव पक्का करा आणि बिल डिलिव्हरीच्या दिवसाचं घ्या.

मिक्सर सेटमध्ये ५०० वॅटचा येतो. सुकं खोबरं, खसखस, काळा मसाला सुका वाटणाऱ्या घरात तो तापून बंद पडतो. ७५० वॅटचा साडेतीन हजारांत येतो. बंद पडलाच तर दुरुस्तीला नेण्याआधी बुडाशी असलेलं लाल बटन दाबून पाहा, अर्ध्या वेळा तेवढंच झालेलं असतं. सोफा, टीपॉय, ड्रेसिंग टेबल, टीव्ही: पहिल्या वर्षी सोडा.

वॉशिंग मशीन सेटमध्ये नसलं तर बरंच. नळ दिवसाआड येत असेल आणि डोक्यावर टाकी नसेल तर फुल ऑटोमॅटिक निरुपयोगी. सेमी ऑटोमॅटिकला बादलीने पाणी चालतं. काही दुकानदार त्याऐवजी यूव्हीचा वॉटर प्युरिफायर गळ्यात मारतात. तो जंतू मारतो, पण क्षार आणि फ्लोराइड तसेच ठेवतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या बोअरवेलला त्याचा उपयोग नाही.

आता हप्ता. फ्रिज-टीव्ही मिळून २४,०००, आठ हप्ते, ‘शून्य व्याज’. रोखीत तोच माल २२,५०० ला मिळतो. पहिला हप्ता ३,००० काउंटरवर, ७०० प्रोसेसिंग फी. म्हणजे तुम्हाला खरं कर्ज मिळालं १८,८०० आणि फेडायचे सात हप्त्यांत २१,०००. हा दर महिन्याला शेकडा पावणेतीन रुपयांच्या वर जातो, वर्षाला चौतीस टक्क्यांच्या घरात. सावकाराला नावं ठेवायला नकोत. शून्य टक्के असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासोबत सगळा खर्च धरून वर्षाचा दर सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हे पत्रक देणं बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते मागा. आणि हप्त्यांचे महिने मोजा. एप्रिलमध्ये घेतलेल्या मालाचे हप्ते जून-जुलैत येतात, बियाणं-खताच्या तोंडावर, तेव्हाच खातं रिकामं असतं आणि बाउन्सचा दंड वर बसतो. शेतीवरच्या घराने सोयाबीन-कापसाचा पैसा हातात असताना, डिसेंबर ते फेब्रुवारीत, रोखीने घ्यावं. कूलरही तेव्हा स्वस्त असतो.

‘जीएसटी कमी झाला, म्हणून हा भाव’ हे फ्रिजच्या बाबतीत ऐकलं तर हसून सोडा. २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते एसी आणि ३२ इंचांवरचे टीव्ही. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि ३२ इंची टीव्ही आधीपासूनच १८ मध्ये होते.

सेट मोडून केलेला हिशेब असा बसतो: अर्थिंग-वायरिंग ६,०००, कूलर ७,५००, दोन बीएलडीसी पंखे ५,५००, फ्रिज १५,०००, आलमारी १२,५००, दिवान ९,०००, रुईच्या दोन गाद्या ५,०००, मिक्सर ३,५००, आयएसआय छापाची शेगडी आणि कुकर ३,५००. झाले ६७,५००. गाडीभाडं, स्टॅबिलायझर, बादल्या-दोऱ्या यांना साडेसात हजार धरा, म्हणजे ७५,०००. उरलेले तीस हजार बँकेत राहू द्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या घरात काढल्यावर मशीन घ्यायचं की टीव्ही, की आधी छतावर टाकी, हे घरच सांगतं.

बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असू द्या. आंदणाचा माल असेल तर बिल पोरीच्या नावावर करा, दुकानदाराला त्याने काही फरक पडत नाही. बिल न देता हजार रुपये कमी करतो म्हणाला तर ते हजार वॉरंटीचे आहेत हे लक्षात घ्या. तक्रार अडली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.