सुटे भाग कुरिअरने मागवावेत की न्हावा-शेवातून सोडवावेत?

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. सीएनसी मशीनचे सुटे भाग चीन आणि तैवानहून मागवतो. आधी चार वर्षं कुरिअरने मागवले, आता बहुतेक माल समुद्रमार्गे न्हावा-शेवा बंदरात एलसीएलने येतो, म्हणजे एका कंटेनरमध्ये अनेकांचा माल एकत्र. तुमचा आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) काढून झालाय आणि एचएस कोड (ज्यावरून मालाची ड्युटी ठरते तो क्रमांक) ठरलाय, असं धरून लिहितो.

वेगात कुरिअरला तोड नाही. पाच-सहा दिवसांत पार्सल दारात. एलसीएलला मी महिना-सव्वा महिना धरतो. कुरिअरच्या महागड्या भाड्यामुळे ड्युटीही फुगेल, ही भीती मात्र फारशी खरी नाही. माल विमानाने आला, तर ड्युटीसाठी भाडं एफओबी किमतीच्या (पुढचं भाडं आणि विमा सोडून मालाच्या किमतीच्या) 20 टक्क्यांपर्यंतच धरतात.

मग मी कुरिअर का सोडलं? आयजीएसटीपायी, म्हणजे आयातीवर लागणाऱ्या जीएसटीपायी.

समजा, मालाची करपात्र किंमत 1,00,000 रुपये आणि मूळ ड्युटी 7.5 टक्के. म्हणजे 7,500, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 750, आणि या सगळ्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी 19,485. यातले 8,250 गेलेच, पण 19,485 क्रेडिट म्हणून, म्हणजे आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळायला हवेत. माझ्या एका पार्सलच्या कागदात कुरिअरवाल्यांनी माझा जीएसटी नंबरच टाकला नव्हता. ड्युटी त्यांनी आधी भरून माझ्याकडून वसूल केली, पण 2बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) आकडा काही येईना. चार महिने मेल केले, फोन केले. प्रत्येक वेळी वेगळा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. सीएंनी शेवटी ती रक्कम खर्चात टाकायला सांगितली. छोट्या धंद्याला हे फार लागतं.

आता माझा क्लिअरिंग एजंट (कस्टम्समधून माल सोडवून देणारा) बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या कागदाची, चेकलिस्ट मला आधी पाठवतो. कोड, किंमत, जीएसटी नंबर मी स्वतः पाहतो, मगच ती दाखल होते. तेव्हापासून एकही क्रेडिट अडकलेलं नाही.

एलसीएलचा त्रास नाही असं नाही. भाडं स्वस्त दिसतं, पण डीओ (माल सोडण्याचा आदेश) आणि सीएफएसची (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाची) बिलं मिळून पहिल्या खेपेला भाड्याच्या वर गेली. इकडचे सगळे चार्जेस आधी लेखी घ्या. बिल ऑफ एंट्री जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये लागू शकतात. कागद जहाज निघतानाच एजंटाकडे पोचले पाहिजेत.

तुमचा माल हलका आणि घाईचा असेल, तर तुमचं गणित कदाचित वेगळं येईल. नमुने मीही कुरिअरनेच मागवतो. पण लाखाच्या आसपासचा माल असेल आणि महिनाभर थांबता येत नसेल, तरी कुरिअरऐवजी सहारचं (मुंबई विमानतळावरचं) एअर कार्गो आणि आपला एजंट, हे मला बरं वाटतं. भाडं थोडं जास्त पडतं, पण बिल ऑफ एंट्री आपल्या डोळ्यांखालून जाते.