श्पीलग्रुपचं सभासदशुल्क: सहा महिन्यांत दोनदा ६० फ्रँक

काल मानुंग आली म्हणून लिहायला बसले. ६० फ्रँकच्या बिलाचं स्मरणपत्र, वर उशिराचे १० फ्रँक. बिल मी मुद्दामच भरलं नव्हतं, कारण तेच शुल्क ऑगस्टमध्ये भरून झालं होतं.

आम्ही झुरिकजवळ लिमाटच्या काठी राहतो. घरात निव्वळ मराठी. लेक येत्या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल, त्याआधी कानावर जर्मन पडावं म्हणून तिला गावातल्या श्पीलग्रुपमध्ये, म्हणजे किंडरगार्टनआधीच्या मुलांच्या खेळगटात, घातलं. आठवड्यातून दोन सकाळी, अडीच-अडीच तास, एका सकाळचे ३० फ्रँक. सुट्ट्यांचे १३ आठवडे वगळले की वर्षाचे २,३४० होतात. या पैशांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाळणाघराच्या एका दिवसालाच इथे शंभराच्या वर मोजावे लागतात. बाझेल शहरातल्या मैत्रिणीच्या मुलाला मात्र हेच फुकट मिळालं. तिथे २०१३ पासून ज्या मुलांचं जर्मन कच्चं आहे त्यांना किंडरगार्टनच्या आदल्या वर्षी दोन अर्धे दिवस जावंच लागतं आणि खर्च कँटन (तिथलं राज्य सरकार) करतं. आमच्या गावात तशी सोय नाही.

माझं भांडण आहे ते ६० फ्रँकवरून. ग्रुप चालवतो पालकांचा फेराइन (संस्था), म्हणून मूल घालायचं तर आधी सभासद व्हायचं. पण फेराइनचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, ग्रुपचं ऑगस्ट ते जुलै. म्हणजे एकच वर्ष येणाऱ्या मुलामागे १२०! नवरा म्हणाला, "अगं, दोन हजार भरलेस आणि साठावर अडून बसलीस?" बसले. फीच्या बदल्यात सकाळ मिळते. या दुसऱ्या साठाच्या बदल्यात काय मिळालं? खजिनदार बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, नियमावलीत तसंच आहे. दहा फ्रँक तेवढे सोडले.

आणखी एक. जर्मन शिकेल म्हणून घातलं, तर ग्रुपच्या बाई मुलांशी प्रमाण जर्मन नाही, जर्मनची स्विस बोलीच बोलतात. त्यापायी दिवाळीपर्यंत माझी चिडचिड चालू होती.

(इथवर फेब्रुवारीत लिहिलं होतं. पुढचं एप्रिलमधलं.)

बोलीबद्दलचं म्हणणं मागे घेते. झुरिक कँटनमध्ये २०११ च्या मतदानानंतर किंडरगार्टनची भाषा मुळात बोलीच आहे, तेव्हा लेकीला तीच आधी यायला हवी. परवा तिने स्वतःच हुकावरची पिशवी उघडली, फेल्टच्या चपला काढल्या आणि मला बजावलं, "आई, फिंके घातल्याशिवाय आत यायचं नाही." मग डबा उघडून बघितला. त्स्न्युनीला (सकाळच्या मधल्या खाऊला) गाजर आहे ना, याची खात्री करायची होती तिला. सप्टेंबरात हीच पोर दारात माझा कुर्ता सोडत नव्हती.

मार्चमध्ये फेराइनची वार्षिक सभा झाली. सभासद म्हणून मलाही एक मत होतं, हे मला बोलावणं हातात पडेपर्यंत सुचलंच नव्हतं. सभेत हिशेब वाचून दाखवला: हॉलचं भाडं, बाईंचा पगार, विमा, रंग आणि कागद. खजिनदार बाई हे सगळं संध्याकाळी घरी बसून, बिनपगारी करतात. फोनवर मी जरा चढ्या आवाजात बोलले होते, त्याबद्दल त्यांची माफी मागितली. पण मुद्दा सोडला नाही. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, ऑगस्टमध्ये येणाऱ्याने पाच महिन्यांसाठी वर्षभराचं शुल्क का भरायचं? मागच्या रांगेतल्या दोन आया लगेच म्हणाल्या, आमचंही हेच म्हणणं होतं. हात वर झाले आणि ठरलं: येत्या ऑगस्टपासून नव्या कुटुंबाला पहिल्या वर्षी ३० फ्रँक.

आम्हाला त्याचा उपयोग नाही, जुलैत लेक बाहेर पडेल. दुसरे ६० मी सभेच्या दुसऱ्या दिवशी क्यूआर बिलावरून भरून टाकले. तुम्ही मूल घालणार असाल तर नाव नोंदवण्याआधी नियमावली मागून घ्या आणि फेराइनचं वर्ष कधी सुरू होतं ते बघा. शुल्क कुटुंबामागे आहे की मुलामागे, तेही विचारा. आमच्याकडे कुटुंबामागे आहे, त्यामुळे दोन मुलं असतील तर ते अंगावर येत नाही.