पर्सियसवर आठ महिने ग्रीक: भरूचच्या भरतीपासून पीएचडीच्या अर्जापर्यंत

प्राचीन भूमध्यसागरी इतिहासात पीएचडी करायचं ठरवलं आणि पहिलीच अट आडवी आली: ग्रीक आणि लॅटिन मुळातून वाचता यायला हवं. बडोद्यात ग्रीक शिकवणारं कुणी मला सापडलं नाही. म्हणून अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस हे ग्रीक-लॅटिन ग्रंथांचं मोफत संकेतस्थळ धरलं. रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर.

शब्द टाकला की त्याचं मूळ रूप, विभक्ती, काळ समोर येतो, खाली लिडेल-स्कॉटचा ग्रीक-इंग्रजी कोश. संस्कृत झालेल्यांना हे घरचंच वाटेल. अओरिस्ट हा ग्रीकमधला भूतकाळ पाहून मला संस्कृतचा लुङ् आठवला. मात्र एकाच रूपाच्या तीन-चार उकली दिसतात, त्यातली कुठली खरी ते आपणच ठरवायचं. पहिले तीन महिने मी सरसकट प्रत्येक शब्द शोधत होते. पानं संपायची, वाचता काही येईना. मग वहीत आधी पेन्सिलीने स्वतःची उकल लिहायची, नंतरच तपासायची, असं सुरू केलं. फरक तिथून पडला. व्याकरणाचं पुस्तक शेजारी नसेल तर मात्र पर्सियसच्या वाटेला जाऊ नका.

मी वाचायला घेतलं ‘पेरिप्लस’, समुद्री व्यापाराच्या वाटा आणि बंदरं सांगणारं इसवी सनाच्या 1 ल्या शतकातलं ग्रीक पुस्तक. त्यातलं बारिगाझा म्हणजे आपलं भरूच. नर्मदेच्या मुखाशी जहाजं फसत, म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी त्रप्पगा आणि कोतिंबा ह्या मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि जहाजांना वाट दाखवत. कोतिंबा ग्रीक शब्दच नव्हे! गुजरातची कोटिया होडी अभ्यासकांनी त्याच्याशी जोडलीय. अमावास्येची भरती लेखकाला दुरून येणाऱ्या फौजेच्या गलक्यासारखी ऐकू येते. ते वाक्य कोशाशिवाय कळलं त्या रात्री आईला उठवून वाचून दाखवलं.

अमेरिकेत पीएचडीला निवड झाली तर बहुतेक ठिकाणी शुल्क माफ, साधारण 5 वर्षं विद्यावेतन. बदल्यात छोट्या गटांना शिकवायचं, पुढे ग्रीक-लॅटिनचे वर्गही घ्यायचे. जर्मन, फ्रेंचही वाचता यावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि भूमध्यसागरी पुरातत्त्व असा जोड कार्यक्रम आहे. माझ्यासारखीला तोच जवळचा, कारण आपल्या बडोद्यातल्या अकोट्यातच एरॉस ह्या ग्रीक प्रेमदेवाची आकृती असलेली रोमन बनावटीची कांस्याची मूठ सापडलीय. अर्जासोबतच्या निबंधाचं पहिलं पान कोतिंबावर लिहून झालंय. लॅटिन मागच्या महिन्यात सुरू केलं, अर्ज डिसेंबरात.