वाफ्यांचा काठ: प्लास्टिक पट्टी की शहाबादी? उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

प्लास्टिकची पट्टी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण नाशिकच्या काळ्या मातीत सरळ रेषेला तरी ती लावू नका. पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या अंगणात मागच्या बाजूला ती रोलवाली काळी पट्टी आहे, गेटकडे शहाबादीच्या उभ्या पट्ट्या. दोन्ही मार्चमध्ये बसवल्या. आता दिवाळी आली.

पट्टीचं काम सोपं. उन्हात पसरली की मऊ पडते, गोल वाफ्याला छान वळते, खिळे ठोकले की झालं. मे महिन्यात माती भेगाळली आणि खिळे सैल झाले. जुलैत तीच माती पाणी पिऊन फुगली, तशी पट्टी जागोजागी वर आली. वळणावर अजून घट्ट आहे, सरळ भागात मात्र पार नागमोडी. त्यात आईचा खराटा लागला की उचकटते ती वेगळीच.

शहाबादी गवंड्याकडून बसवली. दोरी धरून चर खणला, तळाशी मुरूम आणि कच टाकून धुम्मस केला, त्यावर सहा इंची पट्ट्या उभ्या: चार इंच जमिनीत, दोन वर. खरी करामत त्या मुरमाची, तो मातीसारखा फुगत नाही. सांधे सिमेंटने भरू का, असं गवंडी दोनदा विचारून गेला. मी नकोच म्हटलं. पावसाचं पाणी त्या फटींतून निघून जातं. शेजारी पक्का कठडा बांधलाय, तिथे श्रावणात मोगऱ्याच्या बुडाशी तळं साचायचं. आमच्या एक-दोन पट्ट्या झुकल्या, त्या पहारीने सरळ केल्या. सिमेंट असतं तर तडा गेला असता.

खर्च अर्थातच शहाबादीला जास्त, आणि त्यात दगडापेक्षा मजुरीच अधिक.

काठाने तण थांबतं, हे दुकानदाराचं बोलणं अर्धंच खरं. हरळी जमिनीखालून बरीच अडते, पण तिचे धुमारे काठावरून वाफ्यात उतरतातच. खुरपं सुटत नाही. फक्त कुठवर कापायचं ते आता स्पष्ट दिसतं. लव्हाळा मात्र कशालाच जुमानत नाही. त्याच्या गाठी काठाच्या बुडापेक्षाही खोल असतात.

जमीन वाळली की मागची सरळ पट्टी काढून तिथेही शहाबादी घालणार आहे. काढलेली पट्टी तुळशीभोवतीच्या गोल वाफ्याला पुरेल.