कुशीवर झोपणाऱ्यांसाठी मऊ गादी: लोकल दुकानात बनवून घेतलेल्या गादीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाठीवर सरळ झोपणाऱ्यांना हा रिव्ह्यू फारसा कामाचा नाही. मी लहानपणापासून कुशीवर झोपणारी, तेही जास्त करून डाव्या, आणि घरात गादी मात्र ऑर्थो लिहिलेली, का तर कडक गादी पाठीला चांगली असं सासूबाईंपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे ठासून सांगतात. सकाळी उठलं की खांदा आखडलेला, खालच्या हाताला मुंग्या, आणि खुब्याचं हाड दिवसभर ठणकायचं. बरं गादी खराब होती असंही नाही, त्याच गादीवर नवरा उताणा पडून मस्त घोरतो.

कुशीवर झोपलं की बहुतेक भार खांदा आणि खुबा या दोनच जागी येतो. तेवढ्या जागा गादीत थोड्या रुतल्या पाहिजेत आणि कंबरेची खळगी खालून भरून निघाली पाहिजे, तर मणका सरळ राहतो. कडक गादीत खांदा रुततच नाही, सगळा भार त्या एका हाडावर. आणि नुसतीच मऊ घेतली तर कंबर खाली जाऊन झोळी होते, ते पण नको. बाकी कडक गादीचंच म्हणाल तर 2003 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्या 313 लोकांवर, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तरी आपल्याकडे अजून दुकानात शिरलं की पहिली ऑर्थोच दाखवतात. त्यातल्या बऱ्याच गाद्यांमधे खाली रिबॉन्डेड असतो, म्हणजे फोमचे उरलेले तुकडे चिकटवून दाबून केलेला ठोकळा. तो खाली असायला काही हरकत नाही, पण त्याच्यावर अर्धा इंच फोम आणि वर कापड असलं की कुशीवर झोपणाऱ्याचे हाल.

ऑनलाइनवाल्यांचा 100 दिवस ट्रायलचा पर्याय होता, पण आम्हाला एकाच बेडवर दोन प्रकारच्या गाद्या हव्या होत्या, म्हणून सिंहगड रोडला फोम कापून गादी बनवून देणारं एक दुकान आहे तिथे गेलो. दुकान म्हणजे पुढे सँपल मांडलेले दोन बेड आणि मागे छतापर्यंत फोमच्या थप्प्या. मी आपली सवयीने हाताने दाबून बघायला लागले तर मालक म्हणाले, "ताई, हाताला काय कळणार, चपला काढा आणि कुशीवर पडा की." पडले. मग नवऱ्याला म्हणाले, "साहेब, तुम्ही मागून बघा, मानेपासून खालपर्यंत पाठीची रेघ सरळ दिसते का, आणि कंबरेखालून हात घालून बघा." पहिल्या सँपलवर हात आरपार गेला, म्हणजे कंबर अधांतरी. दुसऱ्यावर हात घट्ट अडकत गेला, तेव्हा म्हणाले हे तुमचं. मोठ्या शोरूममधे मला हे कुणी करून दाखवलं नव्हतं, तिथे सगळा वेळ वॉरंटी आणि ईएमआयमधेच गेला.

डेन्सिटीचा गोंधळ पण त्यांनीच सोडवला. 32 डेन्सिटी, 40 डेन्सिटी ऐकून मला वाटायचं आकडा मोठा म्हणजे गादी कडक. तर तसं नाही, डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो ते. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, मऊ की कडक ते वेगळं. 40 डेन्सिटीचा फोम मऊ पण मिळतो आणि दगडासारखा पण.

शेवटी ठरलं असं: खाली 2 इंच रिबॉन्डेड, मधे 3 इंच एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की पटकन वर येणारा) फोम, वर माझ्या बाजूला 2 इंच मऊ लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, आणि नवऱ्याच्या बाजूला 2 इंच जरा कडक फोम. बेड 78 बाय 72 चा, म्हणून 78 बाय 36 चे दोन भाग करून वरून एकच चेनवालं कव्हर. मेमरी फोमचा पण विचार केला होता, दाब छान घेतो तो, पण उन्हाळ्यात पाठीला गरम लागतो आणि थंडीत सुरुवातीला घट्ट होऊन बसतो, अंगाच्या गरमीने मग हळूहळू सैल पडतो. लॅटेक्स लगेच उसळी मारतं त्यामुळे कूस बदलायला जोर लावावा लागत नाही, आणि भोकं असल्यामुळे हवा पण खेळते.

आता झोपेचं. खांद्याचा त्रास जवळजवळ गेलाच, मुंग्या येणं बंद. खुबा मात्र लगेच नाही सुधारला, त्याला वेळ लागला. आणि एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती, गादी मऊ झाल्यावर जुनी उशी उंच पडायला लागली, कारण खांदा आत गेला की डोकं आणि गादीतलं अंतर कमी होतं. मान वाकडी व्हायला लागली तेव्हा लक्षात आलं, मग उशीची चेन उघडून थोडा कापूस काढला आणि जमलं. गुडघ्यांच्या मधे एक पातळ उशी घेते, ती हवीच.

तक्रारी पण आहेत. दोन भागांच्या मधली फट कव्हर असूनही जाणवते, मधोमध लेकरू झोपणार असेल तर हा प्रकार करू नका. गादी लांबीला अर्धा इंच कमी भरली, डोक्याकडच्या फटीत मोबाइल जातो आणि मग अख्खी गादी ओढा. लॅटेक्सला सुरुवातीला रबराचा वास होता, खिडक्या उघड्या ठेवल्यावर गेला. आणि वजन! लॅटेक्सवाली बाजू फिरवायची तर एकट्या बाईचं काम नाही. डिलिव्हरी सांगितल्यापेक्षा उशिरा आली आणि फोन केला की दर वेळी "कारीगर गावाला गेलाय."

कापलेला फोम परत घेत नाहीत, हे आधीच सांगितलं त्यांनी. पण महिन्याभरात वरचा थर नाही पटला तर फरकाचे पैसे घेऊन बदलून देऊ म्हणाले आणि ते मी बिलावर लिहून घेतलं. तुम्ही पण घ्या, तोंडी नको. वॉरंटीत पण नीट वाचा, खड्डा किती इंच पडला तर धरणार ते. बऱ्याच ठिकाणी फोम नुसता मऊ पडला तर तो वॉरंटीत धरत नाहीत, आणि डाग पडला की वॉरंटी गेली, म्हणून वॉटरप्रूफ प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून घाला, फक्त जाड रजईसारखा नको, नाहीतर लॅटेक्सचे पैसे वाया.

एकूण 32,000 पडले, घासाघीस करून, जुनी गादी त्यांनी नेली त्याचे काही दिले नाहीत. एवढा खर्च नको असेल तर आहे त्या कडक गादीवर 2 इंचाचा मऊ टॉपर, म्हणजे वरून अंथरायची पातळ गादी, टाकून बघा, माझ्या बहिणीचं तेवढ्यावर भागलंय. पण गादीत मधेच खड्डा पडलेला असेल तर टॉपरने काही होत नाही, तो पण त्याच खड्ड्यात बसतो. वजन 85-90 किलोच्या पुढे असेल तर माझ्याएवढं मऊ घेऊ नका, वरचा थर थोडा घट्ट सांगा. आणि दुकानात रविवारी संध्याकाळी जाऊ नका, इतकी गर्दी असते की दोन मिनिटं पण झोपून बघू देत नाहीत.