हरकत की ठराव?

शेजारच्या काकांच्या प्लॉटवर शहराच्या प्रारूप (अजून मंजूर न झालेल्या) विकास आराखड्यात बगिच्याचं आरक्षण पडलंय, म्हणजे ती जागा बागेसाठी राखून ठेवलीय. आता हरकत द्यावी, की निवडणुकीत घरी आलेल्या नगरसेवकाच्या शब्दावर थांबून पुढे पालिकेत आरक्षण बदलण्याचा ठराव करून घ्यावा?

मुदत आधी बघा. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे हरकतीला ३० दिवस मिळतात. ठरावाने होणारा कलम ३७ चा फेरबदल मात्र अंतिम, मंजूर आराखड्यातच होतो. म्हणजे तोवर आरक्षण डोक्यावर.

खर्च हरकतीला नगण्य: अर्ज, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नकाशाची प्रत. नियोजन समितीपुढे सुनावणीत स्वतः बोलता येतं. तिथे नक्की जा, नुसता कागद देऊन घरी बसू नका.

ठरावाची वाट लांब. सभागृहात बहुमत हवं, मग नोटीस, पुन्हा लोकांच्या हरकती, शेवटी राज्य शासनाची मंजुरी. नगरसेवकाचं एकट्याचं मत पुरत नाही, आणि सत्ता बदलली की पाठपुरावा तुटतो.

मुदत शिल्लक असेल तर काकांनी हरकतच द्यावी, नगरसेवकाला सोबत घेऊन. आराखडा आधीच मंजूर झालेल्यांनी ठरावामागे लागावं.