टेपवर सेफएफएसचा बॅकअप: नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं ड्रोन सर्वेक्षणाचं ऑफिस नाशिकच्या पंचवटीत. सगळा डेटा सेफएफएसवर (CephFS, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेली एकच मोठी फाइल साठवण), प्रत्येक फाइलच्या तीन प्रती. "तीन प्रती आहेत ना, मग बॅकअप कशाला?" हे मी कितीदा ऐकलं. जानेवारीत निफाडच्या द्राक्षबागांचा अख्खा फोल्डर चुकून डिलीट झाला, तेव्हा तिन्ही प्रती एकदमच गेल्या. परत मिळाला तो टेपवरून. त्या दिवसापासून हा प्रश्न कुणी विचारत नाही.

टेपचा एलटीओ-९ ड्राइव्ह त्याआधीच्या जूनमध्ये घेतला होता (एलटीओ हा बॅकअपच्या टेपचा प्रकार, ९ ही त्याची पिढी). एका टेपवर कॉम्प्रेशनशिवाय १८ टीबी बसतात, वेग सेकंदाला ४०० एमबीपर्यंत, म्हणजे पूर्ण टेप भरायला साधारण साडेबारा तास. कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिचं कॅलिब्रेशन करतो, त्याला दोन तासही लागू शकतात. मला वाटलं ड्राइव्ह अडकलाच. घाबरून बंद करू नका.

खरी डोकेदुखी निघाली बारीक फाइलींची. नकाशाच्या लाखो छोट्या टाइल्स. प्रत्येकीसाठी आधी मेटाडेटा सर्व्हरला (फाइलींची नावं-ठिकाणं सांभाळणाऱ्या सर्व्हरला) विचारायचं, मग वाचायचं. डेटा कमी पडला की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा सुरू होतो. ड्राइव्हजवळ उभं राहिलं की कळतं: सलग चाललेला 'सूंऽऽ' तुटतो, टक्, मागे फिरल्याची घरघर, परत सूं. यात टेपही झिजते आणि ती वाचणारं-लिहिणारं हेडही. पहिले पंधरा दिवस रात्रभर हेच चाललं होतं, ऐकून जीव कासावीस व्हायचा.

उपाय असा केला. आधी सेफएफएसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीचं गोठवलेलं चित्र घ्यायचं, म्हणजे वाचताना फाइली बदलत नाहीत. फोल्डरवरचा आर-सी-टाइम (rctime, आतल्या कुठल्याही फाइलीतल्या शेवटच्या बदलाची वेळ) बघून ज्यात आत खोलवर काहीच बदललेलं नाही ते सोडून द्यायचे. उरलेलं आठ-दहा प्रोसेस एकाच वेळी वाचतात आणि वेगवान एनव्हीएमई डिस्कवर १०० जीबीचे टार गठ्ठे (अनेक फाइली एकत्र बांधलेली एकच मोठी फाइल) बांधतात. गठ्ठा पूर्ण झाला की तो एका दमात टेपवर. तेव्हापासून आवाज तुटलेला नाही. गठ्ठे लहान ठेवल्याचा फायदा जानेवारीत कळला. हवे तेवढेच गठ्ठे काढले, सगळी टेप वाचावी लागली नाही. कुठली फाइल कुठल्या गठ्ठ्यात आहे त्याची यादी मात्र वेगळ्या मशीनवरही ठेवा.

पावसाळ्यात नाशिकची हवा दमट. टेप दीर्घकाळ ठेवायला आर्द्रता २० ते ५० टक्के हवी, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. गोदेला पूर आला की आमच्या भागातले सगळे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते विचारतात, तेव्हा दुसरा संच नदीपासून लांब, इंदिरानगरला ठेवलाय. तिथून आणलेली टेप दिवसभर ऑफिसच्या हवेत ठेवल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालत नाही.

एक काळजी अजून आहेच. ड्राइव्ह एकच. तो बिघडला तर टेपा शाबूत असूनही वाचता येणार नाहीत, आणि एलटीओ-७ चा जुना ड्राइव्ह कुणाकडून मागून आणला तरी त्यात या चालत नाहीत. दुसऱ्या ड्राइव्हचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर आहे. दर सोमवारी आठवण करतो.